आषाढाला विचारून घेतलेली बॅटरी

छपरावर पॅनेल चढले की वाडीत एक समज आपोआप पसरतो: यांच्याकडे आता लाईट जाणार नाही. प्रत्यक्षात अनुदानातून बसणारी बहुतेक घरगुती सोलर यंत्रणा ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली असते, आणि महावितरणची लाईन बंद झाली की तीही काही क्षणांत बंद पडते. भर दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन असलं तरीही.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. पण त्यामागचं कारण खांबावर चढलेल्या माणसाचं आहे. लाईन मेली आहे असं समजून वायरमन तारेला हात घालतो, आणि त्याच वेळी एखाद्या घराचा इन्व्हर्टर आपल्या पॅनेलची वीज उलट्या दिशेने त्याच तारेत ढकलत असेल, तर त्या माणसाचा जीव जाईल. म्हणून ग्रिड गेल्याचं कळताच इन्व्हर्टरने गप्प व्हायचं, असा नियम आहे. आमच्याकडे पावसाळ्यात माडाची झावळी लाईनवर पडते, आंब्याची फांदी मोडते, आणि भिजलेल्या खांबावर चढणारा वायरमन आमच्या ओळखीचाच असतो. या नियमाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. फक्त त्यामुळे एक गोष्ट ठरून जाते: अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरी लागते, आणि बॅटरीसोबत चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. पुढे कौलं, मागच्या बाजूला नंतर बांधलेली स्लॅबची खोली. त्या स्लॅबवर ३ किलोवॅटचे पॅनेल बसवायचे ठरले तेव्हा प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा आधार होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या २ किलोवॅटसाठी किलोवॅटमागे ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार असं मिळून ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं. बॅटरीचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही. तो स्वतःच्या खिशातून. म्हणूनच मी या विषयात खोल शिरले. पैसे आपले, आणि चुकीची बॅटरी घेतली तर ती कोपऱ्यात बसून दरवर्षी आपल्याला खुणावत राहणार.

बॅटरी कशासाठी हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. मंडणगड आणि दापोलीनेही ते अंगावर घेतलं. खांब काडीसारखे मोडून पडले, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आणि कित्येक गावांना पुढे कित्येक आठवडे लाईट नव्हती. त्यात लॉकडाऊन. मेणबत्त्या संपल्या, रॉकेल मिळेना, मोबाईलचे टॉवर बंद. मुंबई-पुण्याची माणसं इकडच्या म्हाताऱ्यांचा आवाज ऐकायला तडफडत होती. सासूबाईंचं इन्सुलिन तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या माठात ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि पुन्हा तेच. तेव्हापासून आमच्या घरात वीज म्हणजे आधी फ्रीज, मग फोन, मग पंखा. टीव्हीचा नंबर त्या यादीत फार खाली लागतो.

मेलबर्नच्या भाच्याला मी हौसेने विचारलं. त्याच्याकडे मोठी बॅटरी आहे, १३ युनिट साठवणारी. तो म्हणाला, "मावशी, लहान घेऊच नकोस, वर्षानुवर्षं पस्तावशील." त्याच्या जागी तो बरोबर आहे. तिकडे दुपारी ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे फार कमी मिळतात आणि संध्याकाळी तीच वीज महाग पडते. त्यामुळे दुपारचं ऊन साठवून रात्री वापरलं की बिल वाचतं. जुलै २०२५ पासून तर तिथल्या सरकारने घरगुती बॅटरीच्या किमतीत सुमारे ३० टक्के सवलत देणारी योजनाच आणली. त्याची बॅटरी पैसे वाचवण्यासाठी रोज संध्याकाळी कामाला लागते.

आपल्याकडे घरगुती ग्राहकाला नेट मीटरिंग आहे. दुपारी दिलेलं युनिट बिलातून वजा होतं. तेच युनिट बॅटरीतून फिरवून आणलं तर वाटेत दहा टक्क्यांच्या आसपास गळतं, वर बॅटरीचं आयुष्य खर्च होतं ते वेगळंच. "रोज बॅटरीवर घर चालवा, बिल शून्य करा" असं सांगणाऱ्या विक्रेत्याला म्हणून मी एवढंच विचारते, की बिल तर नेट मीटरनेच शून्याजवळ येतंय, मग बॅटरी कसले पैसे वाचवणार? आज, या नियमांत, महाराष्ट्रातल्या साध्या घरासाठी बॅटरी हा विम्याचा खर्च आहे. उद्या नेट मीटरिंगचे नियम बदलले तर हिशेबही बदलेल. पण कोटेशन आजच्या नियमांवर वाचायचं असतं.

विमा म्हटल्यावर प्रश्न सोपा झाला: संकटाच्या दिवशी घराला किती लागतं?

एका रविवारी आम्ही सगळ्या उपकरणांच्या मागची स्टिकरं वाचत घरभर फिरलो. लहान फ्रीज, दिवसाला साधारण १ युनिट. पंखे जुने होते, ७५ वॅट खाणारे. ते काढून ३० वॅटचे, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे बसवले, म्हणजे चार पंखे रात्रभर फिरले तरी १ युनिट. एलईडी दिवे, राउटर, फोन मिळून पाऊण युनिट. विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप रोज थोडा वेळ, त्याचं पाव ते अर्धं युनिट. पंपाचं एक आहे, तो सुरू होताना काही क्षण आपल्या नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट करंट ओढतो. तेव्हा इन्व्हर्टर आणि बॅटरी तो धक्का सोसतील का हे आधी विचारून घ्यावं लागतं. गीझर, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन यांना यादीतून सरळ बाहेर काढलं. सासूबाईंनी मिक्सरसाठी थोडी रदबदली केली, मग स्वतःच म्हणाल्या, "पाटा आहे की अजून मागे."

तीन, सव्वातीन युनिट. मला फार समाधान वाटलं. मग इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ दिसली: काहीही चालू नसताना स्वतःचा वापर सुमारे ५० वॅट. पन्नास गुणिले चोवीस, म्हणजे रोजचं सव्वा युनिट, नुसतं इन्व्हर्टर जागा राहण्यासाठी! आमच्या फ्रीजपेक्षा जास्त. ही गोष्ट कुठलाच विक्रेता आपणहून सांगत नाही, आणि माझ्या मते बॅटरी घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या फोनवर विचारायचा प्रश्न हाच आहे. आमची गरज त्यामुळे साडेचार युनिटांवर गेली.

आता पॅनेलकडे. आपल्याकडे १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाची सरासरी धरली तर रोज साधारण ४ युनिट देतात, म्हणजे आमचे १२. मार्च-एप्रिलमध्ये त्याहून जास्त. पण कोकणात लाईट जाते ती मार्चमध्ये नाही. ती जाते मृगाच्या वाऱ्यात, आषाढातल्या संततधारेत, नाहीतर परतीच्या पावसातल्या विजांच्या कडकडाटात. दाट ढगांच्या दिवशी तेच पॅनेल नेहमीच्या पाव भाग देतात, कधी त्याहूनही कमी. बारा युनिटांचे तीन होतात. लागतात साडेचार.

भाच्याचा सल्ला आमच्या अंगणात का चालत नाही, हे इथे लख्ख दिसलं. आषाढात लाईन आठ दिवस बंद राहिली आणि आमच्याकडे ५ युनिटांऐवजी १० युनिटांची बॅटरी असली, तर आम्हाला तीनएक दिवस जास्त मिळतील. त्यानंतर मोठी बॅटरीही लहान बॅटरीसारखीच रोजच्या तीन युनिटांवर येऊन थांबेल. झरा बारीक असलेल्या विहिरीवर टाकी कितीही मोठी बांधली तरी रोज चढणारं पाणी तेवढंच असतं. लांबचं संकट निभावतं ते गरज कमी करण्याने आणि पॅनेल थोडे जास्त लावण्याने. म्हणून दुप्पट बॅटरीचे पैसे वाचवून त्यातल्या काहींत आम्ही स्लॅबवर मावले तेवढे आणखी दोन पॅनेल घेतले. कोणी मला एकच सल्ला विचारला तर मी हाच देते: बॅटरी वैशाखातल्या उन्हावर मोजू नका, आषाढातल्या ढगांवर मोजा.

आकार ठरला, ५ युनिटांच्या आसपास. मग जात: लेड-ॲसिड की लिथियम.

लेड-ॲसिडवर माझी श्रद्धा होती, आणि ती उगाच नव्हती. गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवलेली ही बॅटरी आजही प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते. दापोलीच्या बाजारात तिचा माणूस आहे. फोन केला की मोटरसायकलवर येतो, हायड्रोमीटर बुडवतो, डिस्टिल्ड वॉटर टाकतो. जुनी बॅटरी दिली की पैसे वळते होतात. किंमतही कमी. पण तिचा हिशेब नीट मांडावा लागतो. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची लेड-ॲसिड बॅटरी, कागदावर १.८ युनिटांची. ती दीर्घकाळ टिकायला हवी तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हातात उरतं ०.९. ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरला अशा चार लागतात, वापरायला मिळतात साडेतीन युनिट. आणि एकेक बॅटरी पन्नास-साठ किलोची. स्टिकरवर सी१० लिहिलंय की सी२० तेही बघायचं. सी१० म्हणजे दहा तासांत रिकामी केली तर १५० एएच मिळतील. सी२० वाली तेवढे वीस तासांत देते, आणि घाई केली की कमी देते. सोलरसाठी सी१०च घ्यावी.

लिथियममध्ये घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, विक्रेत्यांच्या तोंडी एलएफपी. १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून हे रसायन पुढे आलं. त्यात कोबाल्ट नाही, आणि निकेल-कोबाल्टवाल्या लिथियमपेक्षा ते उष्णता जास्त सोसतं. एक सेल ३.२ व्होल्टचा, असे १६ सेल ओळीत जोडले की ५१.२ व्होल्ट. १०० एएचची बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट, त्यातले साडेचार बिनधास्त वापरता येतात. पाणी टाकणं नाही, वजन निम्म्याहून कमी. आम्हाला सांगितलेली किंमत चार ट्यूब्युलरच्या किमतीहून बरीच जास्त होती, पण प्रत्यक्ष वापरता येणारी युनिटं आणि आयुष्य धरलं की फरक पुसला जातो.

माहितीपत्रकं सगळी सायकलींवर भर देतात: अमुक हजार वेळा भरा, रिकामी करा. मला त्या आकड्याने फारसं हलवलं नाही. आमची बॅटरी वर्षातले बहुतेक दिवस नुसती उभी राहणार. हजारो सायकली आम्ही करणारच नाही. माझा निर्णय फिरला तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती बाजारात जवळजवळ कोणी बोलत नाही. ती म्हणजे अर्धवट भरलेल्या अवस्थेत बॅटरी कशी वागते.

पावसाळ्यातली आमची लाईट अशी असते: सकाळी जाते, दुपारी दोन तास येते, पुन्हा जाते. रात्री बाराला येते, पहाटे जाते. पॅनेल देतात त्याहून घर जास्त मागतं. अशा दिवसांत कुठलीही बॅटरी पूर्ण भरत नाही. ती तीस आणि साठ टक्क्यांच्या मध्ये हेलकावत राहते. लेड-ॲसिडला हेच सोसत नाही. ती अपुरी भरलेली राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि पुढे ते विरघळत नाहीत. एक वाईट आषाढ तिचं एखादं वर्ष खाऊन टाकतो. शिवाय ती सावकाश भरते. पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात, आणि शेवटचा भाग तर फारच रेंगाळतो. दोन तासांच्या लाईटमध्ये तिच्या पदरात काय पडणार? एलएफपीला अर्धं राहण्याचा त्रास नाही, उलट ते मानवतं. आणि इन्व्हर्टर अडीच किलोवॅटने भरू शकत असेल, बॅटरी तेवढं घेऊ शकत असेल, तर त्याच दोन तासांत ती जवळपास पूर्ण भरते. तिची एकच अट आहे. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे आत बसलेल्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटला, किती टक्के शिल्लक आहे याचा अंदाज हळूहळू चुकायला लागतो. म्हणून अधूनमधून ती काठोकाठ भरावी. सेल एका पातळीवर येतात, आकडा पुन्हा खरा होतो. लाईट टिकून राहिलेल्या एखाद्या रात्री आम्ही ते ग्रिडवरून करतो.

पुण्यासारख्या शहरात तासाभरासाठी लाईट जात असेल, तर चांगली ट्यूब्युलर आजही पुरेशी आहे, असं मी माझ्या दिराला सांगितलं आणि त्याने तीच घेतली. ती बहुतेक वेळ पूर्ण भरलेली राहील आणि सुखाने जगेल.

एलएफपीच्या बाजूने निर्णय झाला तरी एक काळजी राहिलीच, दुरुस्तीची. बीएमएस बिघडला तर मोटरसायकलवाला काही करू शकत नाही. वॉरंटी कित्येक वर्षांची असते, पण ती पाळायला माणूस कुठून येणार, हे वॉरंटीच्या कागदावर नसतं. एका विक्रेत्याला मी विचारलं, जुलैमध्ये घाट बंद असताना बिघडली तर? तो म्हणाला, "मॅडम, ही बिघडतच नाही." त्याच्याकडून घेतली नाही. दुसऱ्याने चिपळूणच्या तंत्रज्ञाचा नंबर दिला, तिथवर बदली बॅटरी पोचवायला किती दिवस लागतात ते सांगितलं, आणि बॅटरी आपल्या इन्व्हर्टरच्या मान्य यादीत आहे याचा कागद दाखवला. हा कागद फार महत्त्वाचा. या दोघांमध्ये एक केबल असते, तीवरून बीएमएस इन्व्हर्टरला कळवतो की आता भर, आता थांब. ती जोडणी जुळली नाही तर इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतो, आणि एलएफपीचा व्होल्टेज अंदाजाला फसवा असतो. सुरक्षिततेसाठी आयईसी ६२६१९ या मानकाचं प्रमाणपत्रही मागून घेतलं.

जागेवरून घरात चर्चा झाली. नवऱ्याला पडवी सोयीची वाटत होती, पण पडवीत पावसाची झड येते आणि खारा वारा तांब्याच्या जोडांवर हिरवं आणतो. झोपायच्या खोलीत मी नको म्हटलं. एलएफपी सहजासहजी पेटत नाही, पण एखादा सेल बिघडून वायू सोडू लागला तर तो माणसं झोपलेल्या खोलीत नको, आणि बाहेर पडायच्या वाटेवरही नको. शेवटी मागच्या खोलीची उत्तरेकडची भिंत ठरली: ऊन लागत नाही, खिडकी आहे, जमिनीपासून वर.

अर्थिंगचा मुद्दा वायरमनने काढला. "वहिनी, बॅटरीत एवढे पैसे घालताय, आधी जमीन बघा." जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, खडक विजेला वाट देत नाही, आणि उन्हाळ्यात तर खड्डा पार कोरडा. ऑक्टोबरमधल्या विजांनी आमच्या वाडीतले टीव्ही आणि राउटर नेहमी जाळलेत. म्हणून वेगळे केमिकल अर्थिंगचे खड्डे, मोजून घेतलेला रोध, आणि विजेचा अचानक आलेला लोट अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. हे काम कोटेशनमध्ये शेवटच्या ओळीत असतं आणि घासाघीस करताना सगळ्यात आधी तेच उडतं. ते उडू देऊ नये.

थांबावं का, हाही प्रश्न होता. सोडियमच्या बॅटऱ्या येऊ घातल्यात. पुण्यात केपीआयटी कंपनीने तिथल्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण सासूबाईंचं वय थांबत नाही, आणि पुढचा पावसाळाही नाही. जुन्या बॅटऱ्यांचं पुढे काय, याचाही विचार केला. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, त्यामुळे बिल आणि अनुक्रमांक जपून ठेवलाय. शिशाची बॅटरी कुठल्याशा परसात वितळवली जाते तेव्हा ते विष आजूबाजूच्या मुलांच्या रक्तात जातं, हेही भंगारवाल्याला ती देताना विसरता येत नाही.

फाल्गुनात काम पुरं झालं. फ्रीज, चार पंखे, दिवे, राउटर आणि पंप यांची वायरिंग वेगळी काढून बॅकअपवर घेतली. बाकीचं घर लाईनवर. बॅटरी किती टक्के राखून ठेवायची हे इन्व्हर्टरमध्ये ठरवता येतं. उन्हाळ्यात आम्ही ती पन्नासच्या आसपास ठेवतो, कारण गरमीत पूर्ण भरून ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. मृग लागला की नव्वद. लाईन लांबली तर दुपारी पॅनेल चालू असताना फ्रीज नीट गार करून घ्यायचा आणि रात्री काही तास इन्व्हर्टरच बंद ठेवायचा, म्हणजे त्याचं स्वतःचं खाणं वाचतं. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्यांना बंद फ्रीजमध्ये तेवढे तास काही होत नाही.

बॅकअपवर एक गोष्ट मी यादीत नसताना घालून घेतली. पडवीच्या आतल्या भिंतीवर फोनसाठी दहा सॉकेटचा बोर्ड. साधा फोन एकदा पूर्ण भरायला वीस-पंचवीस वॅटतास लागतात, म्हणजे एका युनिटात चाळीसएक फोन होतात, अख्ख्या वाडीचे. वायरमन म्हणाला, त्याला वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, देऊ, कोणी चुकून किटली लावली तर तेवढाच बोर्ड पडेल, फ्रीज चालू राहील. तसंच केलं आहे. या जूनपासून वाडीत सर्वांना सांगून ठेवलंय की लाईट लांबली तर चार्जर घेऊन या, दार लोटलेलंच असतं.